दोघींत एकच किट

मी गोलकीपर झाले ते मला थांबता येत नव्हतं म्हणून. सांगलीत विश्रामबागेला एका शाळेच्या बास्केटबॉलच्या मैदानावर संध्याकाळी स्केटिंगचा वर्ग चालायचा. मी तेव्हा सातवीत होते. पुढे जायला आठ दिवसांत शिकले, पण ब्रेक काही जमेना. समोर येईल त्याला धरून थांबायचे, मग तो खांब असो नाहीतर एखादी मुलगी. आमचे सर त्याच सिमेंटवर मोठ्या मुलींची रोलर हॉकी घ्यायचे. एक दिवस त्यांची गोलकीपर आली नाही. सरांनी मला हाताला धरून जाळीसमोर नेलं.

"इथनं हलायचं न्हाई. येईल ते अडवायचं," ते म्हणाले.

पहिलाच चेंडू नडगीवर बसला. मी खाली पडले आणि पडल्या पडल्या विचारलं, "गोल झाला का?" सर हसले. दुसऱ्या दिवसापासून ती जागा माझी झाली.

आम्ही मूळचे रहिमतपूरचे. आजोबा गावोगाव फिरून कापूस पिंजायचे. अब्बांनी सांगलीत येऊन गाद्यांचं दुकान टाकलं. घरात आम्ही दखनी बोलतो, पण अब्बांना दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून मराठीचीच सवय झालेली, म्हणून त्यांचं बोलणं मी इथं मराठीतच लिहिते, आणि अम्मीचंही. माझ्या पायावरचे काळेनिळे डाग आधी अम्मीनं पाहिले. ती म्हणाली, "ते मारतात आणि तू तिथंच उभी राहतेस?" तिनं अब्बांना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी अब्बा गळ्यात टेप घेऊनच मैदानावर आले. तासभर कंपाउंडला टेकून उभे राहिले. वर्ग सुटल्यावर एवढंच विचारलं, "चेंडू कुठं कुठं लागतो?"

मी दाखवलं. त्यांनी गादीचं माप घ्यावं तसं माझ्या पायांचं माप घेतलं. मधे फोम, त्यावर दाबून भरलेली रुई, बाहेरून रेक्झिन आणि मागं जुन्या दप्तरांचे पट्टे. पहिली जोडी इतकी जड झाली की एकदा बसले की मला उठता येईना. "रुई जास्त झाली," म्हणून त्यांनी सगळं उसवलं आणि परत शिवायला बसले. दुसरी जोडी जमली. ती बांधून मी साताऱ्याला, कराडला, जिथं जिथं स्पर्धा असतील तिथं चार वर्षं खेळले. मी वाईट नव्हते. आमच्या भागात मुलींमध्ये दुसरी धड गोलकीपर नव्हती, त्यामुळं मी चांगलीच आहे असं सगळे धरून चालायचे. मीसुद्धा.

अकरावीला होते तेव्हा आटपाडीहून एक मुलगी आमच्या कॉलेजात आली. वसतिगृहात राहायची. घरी पूर्वी मेंढरंच होती. आता वडिलांनी डाळिंब लावलं होतं, पण चुलते अजून कळप घेऊन बाहेर पडायचे. लहानपणी दोन वर्षं तीही कळपामागं हिंडली होती. ती एका संध्याकाळी मैदानावर आली, बराच वेळ आमचा खेळ बघत राहिली आणि मग सरांकडे जाऊन माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मला तितं उभं ऱ्हायचंय."

सर म्हणाले, "का गं? सगळ्यांना गोल मारायचा असतो."

"आमच्यात मेंढरं वाघरीत कोंडत्यात, जाळीत. तिच्या तोंडाशी मीच उभी ऱ्हायचे. एक बी भायेर जाऊ द्यायचं न्हाई."

स्केट तिनं कधी पायात घातले नव्हते. तीन महिन्यांत ती मैदानभर फिरू लागली, आणि वर्ष संपायच्या आत माझ्यापेक्षा चांगली झाली. हे मला सगळ्यांच्या आधी कळलं. मी प्रत्येक चेंडूवर झेप घ्यायचे आणि त्यामुळं बघणाऱ्यांना आवडायचे. ती फारशी हलायचीच नाही. चेंडू येऊन तिच्यावर आपटायचा. सर एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू चेंडू मारल्यावर जातीस. ती आधीच तितं असती."

आता माझे पॅड तीही बांधायची. अब्बांनी त्यांच्या पट्ट्यांना आणखी एक एक भोक पाडून दिलं, कारण ती माझ्याहून उंच होती.

त्याच सुमारास राज्याचा मुलींचा आइस हॉकीचा संघ करायचा ठरला. बर्फावर खेळलेल्या मुली आपल्याकडे कुठून असणार? म्हणून रोलर हॉकीतल्या मुलींना बोलावलं. पुण्यात चाकांवरच निवड झाली. गोलकीपर म्हणून तिघी आलो होतो, त्यातली एक अजून शाळेत होती. आम्ही दोघी निवडल्या गेलो. मिरजेहून रेल्वेनं दिल्ली आणि तिथून विमानानं लेह. सरही बरोबर होते. पहिले तीन दिवस नुसतं गरम पाणी प्यायचं, हळू चालायचं आणि खोलीत बसायचं, कारण तिथं हवा विरळ. तिसऱ्या दिवशी मॅनेजरबाईंनी एक मोठी पिशवी आमच्यासमोर ठेवली. आत मुलांच्या संघाचं जुनं गोलकीपरचं किट होतं: पायाचे पॅड, छातीचं कवच, जाळीचा मुखवटा, दोन हातांना दोन वेगळे मोजे.

"दोघींत एकच आहे. सांभाळून घ्या," त्या म्हणाल्या.

रिंक म्हणजे उघड्यावर पाणी सोडून गोठवलेलं मैदान. चौफेर लाकडी फळ्या. मी जाळीसमोर उभी राहिले आणि सवयीनं उजव्या खांबाकडे ढकलून घेतलं. चाकांवर मी खांबाशी थांबले असते. इथं खांब मागं पडला, मी तशीच घसरत जाऊन फळीवर आदळले. कडेला उभ्या असलेल्या तिथल्या मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. चेंडूच्या जागी पक, रबराची जाड चकती. ती उसळत नाही, आणि अंगावर आल्यावरच दिसते.

पहिला सामना त्याच मुलींशी होता. त्या चालायला लागल्यापासून बर्फावर होत्या. सरांनी मला उतरवलं, माझा अनुभव जास्त म्हणून. सामना तीन भागांचा. पहिल्या भागात चार गोल झाले, दुसऱ्यात पाच. एकही गोल विचित्र नव्हता. सगळे सरळ होते. मी पोचेपर्यंत पक आत गेलेली असायची.

दुसऱ्या भागानंतरच्या सुट्टीत सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "किट काढ."

पत्र्याच्या शेडमध्ये मी एकेक वस्तू काढत होते आणि ती एकेक चढवत होती. सगळं घामानं ओलं झालेलं. छातीचं कवच अंगावर घेताना ती म्हणाली, "गरम हाय गं अजून." तिच्या पायाचे पट्टे गारठून ताठ झाले होते, तिला वाकता येईना. मी गुडघ्यावर बसून ते आवळले.

"ती नऊ नंबरची खाली बघती आन् वर मारती, व्हय?" तिनं विचारलं.

"व्हय. आणि सहा नंबरची मारतच नाही, नेहमी पास देते. तिच्यासाठी हलू नको."

तिसऱ्या भागात तिनं एकच गोल खाल्ला. सामना आम्ही दहा-शून्य हरलो, पण संध्याकाळी जेवताना सगळे त्या तिसऱ्या भागाबद्दलच बोलत होते. मला वाईट वाटलं होतं का, असं पुढं अब्बांनी विचारलं. वाटलं होतं. पण अंगावरचे कपडे ओले होते आणि त्या वेळी थंडीच जास्त लागत होती.

त्या वर्षीचे उरलेले सामने आणि पुढच्या हिवाळ्यातले सगळे ती खेळली. मी बाकावर बसायचे, मुली आतबाहेर करायच्या तेव्हा फळीचं दार उघडायचे आणि लावायचे. सांगलीत मात्र आम्ही रोज बरोबर सराव करायचो. अब्बांच्या गोदामात फरशीवर मोजे घालून घसरायचो, गुडघ्यावर जाऊन परत उठायचो. मी तिच्याकडे बघून थांबायला शिकत होते. ती शिकवत वगैरे नव्हती. विचारलं तर सांगायची.

दुसऱ्या हिवाळ्यातली एक गोष्ट मला सांगायची आहे. एका सामन्यात पक तिच्या गळ्याजवळ हाडावर लागली आणि ती बर्फावर बसली. सगळ्या मुली तिच्याकडे धावल्या. मी बाकावर होते. ती उठते की नाही हे कळायच्या आत मी माझे लोकरी हातमोजे काढून शेजारी ठेवले होते, किट चढवायच्या तयारीनं. ती उठली. उठताना तिनं बाकाकडे पाहिलं. मी हातमोजे परत घातले.

संध्याकाळी चहा पिताना ती म्हणाली, "तू हातमोजं काढलंस."

"व्हय."

तिनं चहा संपवला. "मी बी काढलं असतं," म्हणाली. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात लेहला उतरल्या दिवसापासून तिचं डोकं दुखत होतं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. आम्ही एकाच खोलीत होतो, म्हणून मला माहीत. दुसऱ्या दिवशी तिला उलटी झाली. ती म्हणाली, विमानातलं खाणं बाधलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती बूट घालत होती आणि डावा बूट उजव्या पायात कोंबत होती. मी म्हटलं, "अगं, उलटा आहे." तिनं बघितलं, पण तिला ते कळलं नाही. ती पुन्हा तोच बूट त्याच पायात घालायला लागली. उठून चालली तर भिंत धरून. ओठ निळे पडले होते.

"मी मॅनेजरबाईंना सांगते," मी म्हटलं.

"गप बस गं. उद्या मॅच हाय."

"तुला चालता येत नाही."

"तुला किट पायजे, म्हणून सांगतीस तू."

मी खाली जाऊन सांगितलं. कशासाठी सांगितलं, हे मी नंतर अनेकदा तपासलं आहे. जिना उतरताना मला तिची काळजी वाटत होती, आणि उद्या मी खेळणार हेही मला ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. तिला इस्पितळात नेलं, ऑक्सिजन लावला. विरळ हवेनं मेंदूला सूज आली होती. डॉक्टर सरांना म्हणाले, आणखी उशीर केला असता तर काही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी संघाबरोबर आलेल्या एका मॅडमसोबत तिला विमानानं दिल्लीला उतरवलं. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या वर्षीचे चारही सामने मी खेळले. पहिले दोन हरलो, तिसरा जिंकलो. चौथा तिसऱ्या क्रमांकासाठी होता. आम्ही दोन-एकनं पुढं होतो आणि शेवटची तीन-चार मिनिटं समोरच्या मुली आमच्या अर्ध्यातच होत्या. एकदा त्यांची एक मुलगी एकटीच माझ्यावर चालून आली. पूर्वीची मी असते तर झेप घेतली असती. मी दोन पावलं पुढं गेले आणि उभी राहिले. ती डावीकडे झुकली, मी हलले नाही. ती उजवीकडे वळली, आणि मारायला तिला जागा उरली नाही. पक माझ्या पॅडवर आपटून बाजूला गेली. शिट्टी झाली तेव्हा मुली येऊन माझ्यावर पडल्या. मुखवट्यातून मला कुणाचे तरी फक्त बूट दिसत होते.

दुपारी दिल्लीहून तिचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"किती खाल्लेस?"

"एक."

"कुठनं?"

"डाव्या खांबाजवळनं."

"लवकर खाली बसली असशील."

"व्हय. लवकर बसले."

मागं इस्पितळातल्या कुणाचा तरी आवाज येत होता. मग ती म्हणाली, "त्या दिवशी मी तुला बोलले ते मला आठवत न्हाई. मॅडम म्हणत्यात, इस्पितळात बी मी तुझ्याबद्दल लय बोलले."

"काही बोलली नाहीस," मी म्हटलं.

पुढच्या उन्हाळ्यात देशाच्या संघाच्या शिबिराला आम्हा दोघींना बोलावणं आलं. डॉक्टरांनी तिला खेळायला परवानगी दिली होती. उंचावर जायचं तर हळूहळू चढायचं, एवढीच अट होती. शिबिर बंदिस्त रिंकवर होतं आणि आम्ही पाच गोलकीपर होतो. बाराव्या दिवशी प्रशिक्षकांनी मला बोलावून सांगितलं की माझे पाय हळू आहेत आणि आता या वयात त्यांचा वेग फार वाढणार नाही. ते नीट बोलले. मला तर ते आधीपासून माहीतच होतं. ती तिथं राहिली.

मी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली. आता साताऱ्यात एका शाळेत नोकरी करते. राज्याच्या संघातून दोन हिवाळे आणखी खेळले आणि मग नव्या मुली आल्यावर सोडलं.

ती देशाच्या संघातून पहिल्यांदा परदेशी गेली तेव्हा मी सुट्टी काढून सांगलीला गेले होते. दुकानात अब्बांच्या मोबाइलवर आम्ही सामना लावला. अम्मीही येऊन बसली. आमची आटपाडीची मुलगी संघात दोन नंबरची गोलकीपर होती. पूर्ण सामना ती बाकावर, अंगावर सगळं किट घालून, दाराशी बसलेली. तिथं प्रत्येकीचं किट वेगळं असतं. कॅमेरा तिच्यावर दोनदा गेला.

अम्मी म्हणाली, "ही तर बसलीच आहे की."

मी सांगितलं की ती दार उघडते, लावते, आणि समोरच्या मुली कुठून मारतात ते बघून ठेवते.

"मग उठणार कधी?"

"पहिलीला लागलं, नाहीतर पहिलीनं फार गोल खाल्ले, तर."

अम्मीनं मोबाइल जवळ घेतला आणि शेवटपर्यंत बाकाकडेच बघत राहिली. त्या सामन्यात तिला उठायची वेळ आली नाही. पुढच्या सामन्यात तिसऱ्या भागात तिला उतरवलं. तिनं दोन गोल खाल्ले, अकरा अडवले. फोनवर मला तिनं त्या दोन गोलांबद्दलच सांगितलं.