डाव्या गालाची गादी

निवृत्त झालो तशी पुष्कळ प्रकरणं डोक्यातून गेली. एक मात्र जात नाही, आणि आठवलं की आजही डोकं तापतं. निम्मा राग त्या रायफलवाल्यावर, निम्मा माझ्यावर.

तेव्हा मी ग्वाल्हेरच्या वेशीवरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी शेतात गवत कापणाऱ्या बाईच्या खांद्यातून गोळी आरपार गेली. नवरा त्याच शेताचा राखणदार. जनावरं हाकलायला त्याच्याकडे एक जुनी ठासणीची बंदूक होती, आणि आदल्या दिवशीचं नवरा-बायकोचं भांडण अख्ख्या गावाने ऐकलं होतं. आम्हाला आणखी काय हवं? बंदूक जप्त, नवरा कोठडीत. दवाखान्यात बाई सांगत होती, "इन्होंने नहीं मारी. ये तो मेरे पास खड़े थे. गोली दूर से आई, नाले के उधर से."

माझ्या फौजदाराने ते लिहूनच घेतलं नाही. बायका नवऱ्याला वाचवतातच, असं तो म्हणाला आणि मी मान डोलावली. शेतात गोळी सापडली नव्हती, आणि ती नीट शोधायचे कष्टही आम्ही घेतले नव्हते.

तिसऱ्या दिवशी कमरेचा पट्टा शिवायला जयेंद्रगंजात गेलो. तिथे चामड्याचं काम करणारा एक म्हातारा कारागीर आमच्या ठाण्याची कामं करायचा. पट्टा शिवता शिवता तो म्हणाला, "साहब, वो खेत वाली गोली दूर की थी क्या? महीना भर पहले एक लड़का बंदूक के कुंदे पे गद्दी सिलवा के ले गया. बोला, दूरबीन लगाई है, गाल ऊँचा टिकना चाहिए." मग जरा थांबून, "बुरा मत मानना, फोन पे आप ही लोगों की बोली बोल रहा था."

वाईट वाटलंच. आमच्या पूर्वजांनी दख्खनेतून येऊन इथे तलवार गाजवली, हे आम्ही पिढ्यानपिढ्या लोकांना ऐकवत आलो आहोत. त्या तलवारीचं हे झालं होतं.

परवानेधारकांची यादी मागवली. रायफल बाळगणारी मराठी नावं मोजकीच होती. यादीतल्या दुसऱ्याच घरी, दर्पण कॉलनीत, हवं ते सापडलं. परवाना साठी उलटलेल्या काकांच्या नावावर, घरात तरणाताठा पुतण्या. तीनशे पंधरा बोअरच्या रायफलीच्या कुंद्यावर, खांद्याला टेकतो त्या लाकडी दस्त्यावर, चामड्याची गादी होती. दुर्बीण काढून ठेवलेली, पण तिच्या स्क्रूंची भोकं ताजी होती.

दोघांना ठाण्यात आणलं. काकांचा सदरा इस्त्रीचा, बोलणं अदबशीर. मी खुर्ची दिली, चहा मागवला. काका म्हणाले, "साहेब, लायसन माझं आहे आणि गोळी पण मीच चालवली. नीलगाय समजून. पोराचं नाव यात नका घेऊ." हा जबाब मात्र माझ्या फौजदाराने भराभर लिहून घेतला.

काकांनी सहीसाठी पेन उजव्या हातात घेतलं तेव्हा मला खटकलं. गादी कुंद्याच्या उजव्या अंगाला होती. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचा गाल डाव्या अंगाला टेकतो. रिकामी रायफल पंचांसमोर काकांच्या हातात दिली आणि म्हटलं, धरून दाखवा. त्यांनी ती उजव्या खांद्याला लावली. गाल नुसत्या लाकडावर, गादी पलीकडे. मग पुतण्याला कागद दिला आणि नाव-पत्ता लिहायला सांगितला. त्याने पेन डाव्या हातात घेतलं.

"काका, तुम्ही आता बाहेर बसा," मी म्हणालो.

पोरगा रडेल असं वाटलं होतं. तो तर खुलला. "सर, लोक अशा सेटअपवर किती पैसे घालवतात! मी कमी बजेटमध्ये केला. काकांनी रायफल सेकंडहँड घेतलेली, दूरबीन पण जुनी. कुंदा मी स्वतःच घासला. बस, कारतूस महाग पडतात ना, तर निशाना चेक नाही केला."

"आणि ती बाई?"

"ती मधेच आली, सर."

मधेच आली! नवरा राखतो त्या शेतात, हातात विळा घेऊन, पोटासाठी वाकलेली बाई याच्या मधे आली! शिकारीला बंदी, परवाना दुसऱ्याचा, आणि या महाशयांनी काटकसर कशात केली, तर आपली गोळी जाते कुठे हे पाहण्यात. किंचाळी ऐकू आल्याचंही त्याने कबूल केलं. ती ऐकून तो घरी गेला आणि दुर्बीण कपाटात ठेवली. माझा हात उठायचाच बाकी राहिला.

त्याने उभं राहण्याची जागा दाखवली. त्या रेषेत शेताचा बांध उकरला तेव्हा गोळी मिळाली. ती त्याच रायफलीची असल्याचा अहवालही पुढे आला.

राखणदाराला सोडलं त्या दिवशी बायको हात गळ्यात बांधून न्यायला आली. कोठडीत घालताना काढलेली त्याची चप्पल सापडेना. मी शिपायाला नवी आणायला पिटाळत होतो. ती म्हणाली, "नई नहीं चाहिए, साहब. काली थी, यहीं उतरवाई थी." मग माझ्याकडे न बघता, "ये भी झूठ लगे तो मत लिखना."

माणूस बघताच ओळखतो, अशी माझी घमेंड होती. प्रत्यक्षात मी कपडे ओळखत होतो. काकांचं खोटं चहा पाजून लिहून घेतलं आणि तिच्या खऱ्याला आमच्याकडे कागद नव्हता. पुढे जखमी माणसाचा पहिला जबाब मी त्याच्याच शब्दांत, स्वतः बसून लिहून घेऊ लागलो. तिच्या नवऱ्याला मात्र त्या दुपारी तापलेल्या डांबरावरून अनवाणी घरी जावं लागलं.