बूट असलेला आवाज

"बघा आता, कसं सरळ चालतंय आमचं म्हातारं."

बापूदादाचं हे वाक्य मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. मी चहाचा ट्रे घेऊन दारापर्यंत पोचले होते. बाहेरच्या खोलीत त्याचे बैलगाडा शर्यतीतले दोन मित्र बसले होते आणि नाना, म्हणजे बापूदादाचे वडील आणि माझे थोरले काका, उंबऱ्याशी अडकून उभे होते. बापूदादानं तोंडातला मावा एका गालात सारला, जीभ टाळूला लावली आणि बैलाला चुचकारतात तसा आवाज काढला. च्चॅक्. च्चॅक्. च्चॅक्. नानांचा उजवा पाय सुटला, मग डावा.

मित्र खदाखदा हसले. एकानं मोबाइल काढला. "शिंगं तेवढी रंगवायची ऱ्हायल्यात की रं," दुसरा म्हणाला. बापूदादाच्या ओठाच्या कोपऱ्यात लाल थुंकी जमली होती. ट्रे ठेवून मी आत निघून आले. मलकापूरच्या बापूदादाच्या त्या घरात मी त्यानंतर चहा पिऊ शकले नाही. कपाच्या काठाला ओठ लागले की तोच आवाज आठवायचा.

नाना जाऊन आता वर्ष होत आलं. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना सांगायचं तर, नाना फौजेत हवालदार होते आणि नव्या रंगरुटांना परेड शिकवायचे. घरी आल्यावरही त्यांची इस्त्री मोडली नाही. शेतावर जातानाही बूट पुसून जायचे आणि चिखल लागला तर उसाच्या पाल्यानं पुन्हा पुसायचे. माणूस दिसायच्या आधी ते त्याची चाल ऐकायचे. "मॅडम आल्या," मी फाटकातून आत आले की ते पाठमोरेच म्हणायचे. "डावी चप्पल घासतीया. आन् भिताडाला का चिकटून चालतीस? रस्ता काय दुसऱ्याचा हाय व्हय?"

मी सांगलीत इंग्रजी शाळेत शिकले म्हणून त्यांनी मला मॅडम केलं होतं. मी फार बोलत नसे. नानांना ते चालायचं, पण ते मधूनमधून टोमणा मारायचे, "पोरगी हाय का पोस्टाची पेटी? सगळं आत जातंय, भाईर काय येत न्हाई."

मग त्यांना कंपवात झाला. हात थरथरायचे त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. पाय अडकायचे, ते मात्र सोसवेना. दार आलं, उंबरा आला, फरशीचा रंग बदलला, की पाय जमिनीला डकवल्यासारखे व्हायचे. उपचारासाठी ते सांगलीला आमच्याकडे राहायला आले. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी समजावलं, की मेंदूतला चालण्याचा ठेका हरवलाय, तो बाहेरून मिळाला की पाय त्यावर उचलले जातात. त्यांनी माझ्या मोबाइलवर एक टिकटिक लावून दिली. नानांनी ती कपाळाला आठ्या घालून ऐकली.

"ह्या आवाजाला बूट न्हाईत," ते म्हणाले. "अनवाणी हाय ह्यो. मॅडम, तू दे आवाज. एक, दो, एक. चल."

मी "एक, दो, एक" म्हटलं.

"असं पुटपुटलीस तर पलटन झोपंल गं! पोटातनं काढ."

पोटातून माझं काहीच निघत नसे. शेवटी मी पोळपाटावर लाटणं आपटायला लागले. नाना हसले, पण चालले. स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत, लाटण्याच्या ठोक्यावर, छाती काढून. रोज संध्याकाळी आमची परेड व्हायची. आई म्हणायची, "अहो भावजी, चपात्या कधी करू मी?" नाना गॅलरीतून ओरडायचे, "पैली फौज, मग रसद!"

त्यांना न्यायला बापूदादा आला, तेव्हा त्यानं हे पाहिलं. "हात्तिच्या! निस्ता आवाजच पायजे व्हय?" एवढंच तो म्हणाला. त्याच्याकडे शर्यतीचे बैल आहेत. त्यांना तो अंडी-दूध खाऊ घालतो, स्वतःच्या हातानं पाय चोळतो, त्यांच्यावर कुणी हसलं तर कॉलर धरतो. त्याच्या जिभेला जो ठेका येत होता तो त्यानं बापाला लावला. आणि खरी किळस पुढेच होती: तो ठेका लागू पडला. आवाज कुणाचा, कशासाठी, हे पाय विचारत नाहीत.

नानांना भेटायला मी मलकापूरला गेले होते त्या चहाच्या दिवशी, बापूदादाचे मित्र गेल्यावर, मी नानांच्या कॉटवर जाऊन बसले. ते बुटांकडे बघत होते.

"पाय फितूर झालं, मॅडम. मी न्हाई म्हनतोय आन् ह्ये चालत्यात." मग म्हणाले, "बैलाला बरं हाय. त्येला कळत तरी न्हाई कोन हसतंय."

पूजाचा, बापूदादाच्या मुलीचा, साखरपुडा सांगलीत ठरला. बापूदादा म्हणाला, चाकाच्या खुर्चीतून नेऊ. नानांनी ताट बाजूला सारलं. "दारापासनं स्टेजपातूर मी चालत जानार. पोरीच्या सासरच्यांनी मला उभा बघितला पायजे." मला हळूच म्हणाले, "आवाज तू द्यायचा. दुसऱ्या कुनाचा नगं." मी मान हलवली. पर्समध्ये लाटणं मावेना, म्हणून पिशवी घेतली. त्यात पोळपाटही घातला.

कार्यालयात लाउडस्पीकर इतका मोठा होता, की शेजारच्या माणसाचं बोलणं ओठांवरून समजून घ्यावं लागत होतं. नानांनी ब्लेझर घातला होता, छातीवर पदकं. दारात रांगोळी होती आणि तिच्या काठाशी त्यांचे पाय थांबले. मी पिशवीतून पोळपाट काढला, दाराजवळच्या भिंतीला चिकटून खाली बसले, लाटणं आपटलं. माझं मलाच ऐकू येईना. दोन बायका वाकून बघू लागल्या. एक म्हणाली, "अगं बया, हिथं चपात्या?"

तेवढ्यात गाणं बंद झालं. स्टेजवरून बापूदादानं पाहिलं होतं. फेटा सावरत त्यानं निवेदकाच्या हातातला माइक घेतला. "थांबा मंडळी, आमच्या नानांची गंमत दाखवतो." आणि स्पीकरमधून तो ओला, चिकट आवाज अख्ख्या हॉलभर पसरला. च्चॅक्. च्चॅक्. च्चॅक्.

हसण्याची लाट आली. मोबाइल वर झाले. नवऱ्यामुलाचा बाप हसू दाबत पानाचा विडा चघळत होता. स्टेजवर पूजानं पदर तोंडाला लावला, ती हसत नव्हती. नानांचा उजवा पाय रांगोळीवर पडला. डावा उचलला गेला. तेव्हा नानांनी दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली. पाय पुढे ओढत होते आणि ते चौकटीला लटकून स्वतःला मागे खेचत होते. पदकं एकमेकांवर आपटून किणकिणत होती. लोकांना तेही गमतीचंच वाटलं. नानांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मला माझ्या पोटात त्या विड्याचा, त्या थुंकीचा, त्या हसण्याचा गोळा चढत आलेला जाणवला. वाटलं, आता ओकारी होणार. मी उठून उभी राहिले आणि तोंड उघडलं.

"थम!"

तो आवाज माझा होता, हे मला जरा उशिरा कळलं. माइकमधली जीभ थांबली. हसणं थांबलं. नानांचे पाय थांबले. त्यांनी चौकट सोडली, हात पँटच्या शिवणीला लावले, हनुवटी वर केली आणि वाट पाहत राहिले.

भिंत सोडून मी दाराच्या मधोमध, त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिले.

"हवालदारसाहेब, सामने देख! तेज चल! एक, दो, एक! एक, दो, एक!"