पेट्रोलमधलं पाणी

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. बहिणीजवळ नाही, मुलीजवळ नाही. देवापुढे हात जोडले की नेमकं दुसरंच काहीतरी आठवतं — गॅस बंद केला का, दूध झाकलं का. मग तुम्हालाच का सांगतेय? तेही नीट कळत नाही. तुम्ही आम्हाला ओळखत नाही, एवढंच बहुधा.

गोष्ट एका मशीनची आहे. लाकूड कापायची मशीन, चेनसॉ. हल्ली हलक्या, नारंगी रंगाच्या मिळतात, तशी नव्हे. ही जुनी, परदेशी बनावटीची, उचलताना कंबर सांभाळावी लागे इतकी जड. बोर्डीकडच्या एका चिकूवाडीतली शेड पाडली, तिथलं सामान डहाणूच्या भंगारवाल्याकडे आलं, आणि त्या ढिगात ती ह्यांना दिसली. हे म्हणजे माझे यजमान, दत्तात्रय. रेल्वेतून निवृत्त झालेले. मी शाळेत शिकवायचे, माझीही नोकरी तेव्हा नुकतीच संपली होती.

निवृत्तीनंतर हे गप्प झाले होते. भांडण नाही, आजारपण नाही, नुसते गप्प. पेपर वाचायचे आणि दुपारी तोच पेपर परत वाचायचे. उजवा हात थोडा थरथरायला लागला होता, तो मांडीखाली दाबून बसायचे. मी विचारलं की म्हणायचे, काही नाही. आणि त्या दिवशी रिक्षातून ती गंजकी वस्तू उतरवताना रिक्षावाल्याशी चक्क गप्पा मारत होते! नोकरीला लागले तेव्हा वादळात रुळांवर झाड पडलं होतं, साहेबांनी अशीच मशीन आणवली होती, आणि ह्यांना नि रमणला — नवीन पोरं म्हणून — तिला हातही लावू दिला नव्हता. हे सगळं मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

रमणभाई म्हणजे ह्यांचे नोकरीतले जोडीदार. तलासरीला राहतात. घरात गुजराती, बाहेर मराठी, रागावले की हिंदी. मशीनचं कळल्यावर दुसऱ्याच दिवशी स्कूटर काढून आले, अंगणात उकिडवे बसले आणि म्हणाले, "दत्तू, ही तर आपली बाकी राहिलेली हौस आहे रे."

मग सुरू झालं. आठवड्यातून एक-दोनदा रमणभाई यायचे. मशीनचं वरचं झाकण काढलं तर आत उंदरांनी घर केलेलं. चेन डिझेलमध्ये भिजत घातली. कार्बोरेटरमधला रबराचा पातळ पडदा पापडासारखा कडक झाला होता, तो वापीला जाऊन शोधून आणला. मशीन सुरू करायला दोरी ओढतात, त्या चकतीतली स्प्रिंग एकदा उसळली आणि रमणभाईंचा अंगठा कापला, मी हळद लावली, आणि दोघं म्हातारे हसत बसले. मी पायरीवर बसायचे. आधी चहा देण्यापुरती, मग भाजी निवडायला, मग नुसतीच.

आणि मलाही काम मिळालं. ही मशीन जुन्या स्कूटरसारखी — पेट्रोलमध्ये ऑईल मिसळूनच टाकीत घालावं लागतं. माप चुकलं की इंजिन बसलं. ह्यांच्या हातून सांडायचं. रमणभाईंनीच एकदा हळूच बाटली माझ्याकडे सरकवली. "भाभी, तुम्ही घाला. आयुष्यभर पोरांना मापं शिकवली तुम्ही." पेट्रोल रमणभाईच आणायचे, डब्यातून. हद्दीपलीकडे गुजरातच्या पंपावर स्वस्त मिळतं, म्हणून आदल्या दिवशी तिकडून भरून ठेवायचे. डबा माझ्या हातात द्यायचे आणि मी मागच्या ओट्यावर जाऊन मिसळून आणायचे.

आता येतं ते. थांबा जरा.

पहिल्यांदा चुकून झालं. असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगतेय. मिसळायची बाटली मी विसळली होती आणि नीट निथळू दिली नव्हती. तळाला पाणी राहिलं होतं. दिसलं होतं का मला? वाटतं, दिसलं होतं. तरी मी पेट्रोल ओतलं. त्या दिवशी पहिल्यांदा मशीन सुरू करायची होती. सगळं तयार. प्लगची ठिणगी निळी, स्वच्छ पडत होती, दोघांनी मला बोलावून दाखवली. मग दोरी ओढली, ओढली, आळीपाळीने ओढली. मशीन एकदा खोकली आणि गप्प झाली. संध्याकाळ होईपर्यंत दोघं तिथेच. दोनदा चहा झाला. रमणभाई जेवायलाच थांबले. हे जेवताना बोलत होते — पहिल्या पोस्टिंगचं, आईचं, कसलं कसलं. रमणभाई गेल्यावरही माझ्याशी बोलत राहिले.

पुढच्या वेळी मी बाटलीत पाणी घातलं. दोन चमचे. मुद्दाम.

का? तुम्ही विचाराल ना — मीही विचारते. मशीन सुरू झाली की हे दोघं ती घेऊन रमणभाईंच्या वाडीवर जाणार होते, वाऱ्याने पडलेलं सुरूचं झाड कापायला. मी मागे राहणार होते, आणि परत आल्यावर ह्यांचा तोच पेपर, तीच दुपार. म्हणून घातलं? असेल. पण मग मी एवढीच बिचारी असते तर मला ती मजा का यायची? हो, मजा. दोन शहाणी माणसं घामाघूम होऊन यंत्राच्या पोटात डोकं घालतायत, आणि का चालत नाही हे फक्त मला ठाऊक आहे — भाजी निवडता निवडता हे मनात यायचं आणि बरं वाटायचं. आयुष्यभर ह्यांच्या बदल्या, ह्यांच्या ड्यूट्या, ह्यांचे मूड. माझ्या हातात कधी काही नव्हतं. म्हणून? की हेही मी नंतर जुळवून घेतलंय? खरं म्हणजे चमचा हातात धरलेला असताना माझ्या मनात काहीच नसायचं. खिचडीत मीठ घालावं तसं घालायचे.

असं कितीतरी वेळा केलं. एखाद दिवशी नाही घालायचे. पण टाकीच्या तळाला आधीचं पाणी असायचंच, मशीन तेव्हाही सुरू व्हायची नाही. ह्यांनी कार्बोरेटर पुन्हा पुन्हा खोलला. आणि हळूहळू — हे मी पाहत होते — ह्यांचा समज होत गेला की दोष आपल्या हाताचा आहे. हात थरथरतो, म्हणून आपण स्क्रू नीट बसवत नाही. एकदा मशीनपुढे बसून नुसता हाताकडे बघत होते. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी आत जाऊन कुकर लावला.

मग उन्हाळ्यात एकदा टाकी रिकामी करताना ह्यांनी ते पेट्रोल सरबताच्या एका काचेच्या बाटलीत ओतून कठड्यावर ठेवलं. सकाळी पाहतात तर खाली पाण्याचा थर, वर पेट्रोल. स्पष्ट, रेघ मारल्यासारखं. माझ्यावर संशय? छे. त्यांच्या मनातही आलं नसेल. रमणभाईंची वाट बघत बसले.

रमणभाई ताडगोळे घेऊन आले. पिशवी पायरीवर ठेवतायत तोच ह्यांनी बाटली पुढे केली.

"हे काय आहे, रमण?"

"पाणी दिसतंय."

"स्वस्त मिळतं म्हणून कुठल्याही पंपावरून भरतोस. आणि मी इथे स्वतःच्या हाताला शिव्या देतोय!"

मी ह्यांना असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी डोकावलं. रमणभाई आधी हसले, मग हसायचे थांबले. "अरे, त्याच पेट्रोलवर माझी स्कूटर आली ना इथपर्यंत?" हे क्षणभर अडले. बरोबरच होतं ते. त्या क्षणी सगळं उलगडलं असतं. मग रमणभाई माझ्याकडे वळले. रागाने नाही. साक्षीला घरचं माणूस बोलवावं तसे.

"भाभी, तुम्हीच सांगा. डबा मी तुमच्याच हातात देतो. पाणी असतं तर तुम्हाला दिसलं नसतं?"

दोघं माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "मला काय कळतं त्यातलं? मी आपली मापाने ओतते."

इथे थांबले असते तरी कदाचित — पण मी थांबले नाही. कुणी विचारलंही नव्हतं. मी म्हणाले, "डबा तेवढा कधी कधी आतून ओलसर असायचा तुमचा."

हे माझं वाक्य. पाण्याचं एक वेळ बाजूला ठेवा. पण मला भाभी म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडावर मी हे म्हणाले, आणि आवाजही कापला नाही.

रमणभाईंनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ पाहिलं. त्यांना कळलं का? मला अजून ठरवता येत नाही. कळलं असेल तर बोलले का नाहीत? आणि नसेल कळलं तर असं का पाहिलं? "असेल," ते म्हणाले. "असेल, भाभी." डबा उचलला आणि स्कूटर सुरू करून गेले. ताडगोळे आम्ही खाल्ले नाहीत, कुणाला दिलेही नाहीत. आंबल्यावर मी टाकले.

त्यानंतर ते आले नाहीत. ह्यांनी फोन केला नाही, त्यांनी केला नाही. पावसाळाभर मशीन गोणपाटाखाली पडून होती आणि हे परत पेपर घेऊन बसले. म्हणजे ज्याला मी भीत होते तेच झालं, मशीन सुरू न होताच. मला हसू यायला हवं का रडू, ते कळत नव्हतं. दिवाळी झाली आणि एके सकाळी ह्यांनी गोणपाट काढलं. टाकी स्वच्छ केली. इथल्याच पंपावरून पेट्रोल आणलं. मी बाटली घेऊन उठले, तर म्हणाले, "राहू दे, मी करतो." आणि स्वतः मिसळलं, थरथरत्या हाताने, अर्धं फरशीवर सांडत. मला का नाही करू दिलं? सहज? हा प्रश्न मी त्यांना कधी विचारू शकत नाही, म्हणून तो तसाच आहे.

थोड्याच ओढींत मशीन सुरू झाली. निळा धूर, काय तो आवाज — अंगणातले कावळे उठले, खिडकीची तावदानं थरथरली. मी दारात उभी. हे मशीन धरून उभे होते आणि त्यांचा हात थरथरतोय की मशीन, काही समजत नव्हतं. त्यांनी मान वळवली ती माझ्याकडे नाही, रमणभाई बसायचे त्या बाजूला. मग बंद केली. "बघितलंस?" म्हणाले. "पेट्रोलच होतं. माणसाने काय भरवसा ठेवावा."

मी म्हणाले, "हो ना."

गेल्या वर्षी घोलवडला एका लग्नात रमणभाई भेटले. रेल्वेतल्याच एकाच्या मुलाचं लग्न, त्यामुळे दोघांनाही बोलावणं. ह्यांनी त्यांना पाहिलं आणि आइस्क्रीमच्या टेबलाकडे वळून पाठ करून उभे राहिले. रमणभाई काठी टेकत माझ्याकडे आले. वाळले होते.

"भाभी, मशीन चालू झाली म्हणे?"

"हो."

"सरस!" त्यांचा चेहरा खरोखर उजळला. "आवाज कसा आहे?"

मी सांगायला लागले. आधी घोगरा येतो म्हटलं, खोकल्यासारखा, मग एकदम मोकळा होतो. ते मान किंचित वाकडी करून ऐकत होते, मी बोलतेय ते नाही, आवाजच ऐकत असल्यासारखे. मग म्हणाले, "दत्तूचा हात कसा आहे? औषध घेतो ना?" घेतात, म्हटलं. त्यांनी मान हलवली. सनई वाजत होती, आमच्याजवळ कुणीही नव्हतं. दोन वाक्यांत सांगून झालं असतं. त्यांच्या सुनेने हाक मारली आणि ते गेले.

परत येताना रिक्षात ह्यांनी बाहेर बघत विचारलं, "काय म्हणत होता?"

"काही नाही," मी म्हणाले. "जेवण बरं आहे म्हणत होते."

"माझं काही?"

"नाही."

का म्हणाले तसं? त्या वेळी तर माझं काही जाणारही नव्हतं. हे हात मांडीखाली घेऊन बसले.

दोघंही आहेत अजून. तलासरी काही लांब नाही. रमणभाईंचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, आणि हे आत्ता बाहेर अंगणात आहेत, मला त्यांचं खाकरणं ऐकू येतंय. मी सांगितलेलं नाही.