आऱ्याचं वरचं टोक

लच्छू मडावी आणि चैतू आत्राम हे आलापल्लीजवळच्या एका जंगलगावचे आरेवाले. खड्ड्यावर लाकडी घोडी उभारायची, तिच्यावर ओंडका चढवायचा आणि दोघांनी मिळून लांब आऱ्याने त्याच्या फळ्या पाडायच्या. एक जण ओंडक्यावर उभा, दुसरा खाली खड्ड्यात. लच्छू वयाने मोठा, रेघ धरून आरा चालवण्यात तयार, म्हणून तो वर. चैतूच्या केसांत दिवसभर भुसा पडत असे.

पंचावन्न साल असेल. अंदमानात लाकूडकामाला माणसं हवीत म्हणून एका ठेकेदाराचा माणूस चांदा जिल्ह्यात फिरत होता. हे दोघे तयार झाले. बल्लारशाहून आगगाडीने मद्रास, तिथून बोट. बोटीत चैतू इतका ओकला, की पुन्हा घरी जाताना पाणी ओलांडावं लागेल, हीच त्याला काळजी लागून राहिली.

बेटावर खाडीकाठी मजुरांच्या झोपड्या होत्या. बाकीचे बहुतेक रांचीकडचे. गोंडी बोलणारे हे दोघेच. म्हणून कामावरही ते एकमेकांशी सारखे बोलत.

दुसऱ्या वर्षी एका सकाळी लाल लाकडाचा जाड ओंडका घोडीवर होता. आरा निम्म्यावर आला असेल. खालून चैतू म्हणाला, "भाऊ, आरा आडवा काऊन हलवून राह्यला?"

लच्छू हलवत नव्हता. तो उत्तर देणार तोच पायाखालचा ओंडका सरकला. झाडं वारा नसताना डोलू लागली. लच्छू बाजूच्या भुशाच्या ढिगावर फेकला गेला. घोडी मोडली आणि ओंडका खड्ड्यात गेला.

मोठा हादरा लगेच थांबला, पण जमीन अधूनमधून थरथरत होती आणि खड्ड्याची माती ढासळत होती. कुणी खाली उतरेना. लच्छू एकटाच उतरला. एकट्याने ओंडका इंचभरही हलेना. शेवटी मुकादम दोर घेऊन आला आणि सगळ्यांनी मिळून तो उचलला. चैतू जिवंत होता. कमरेखाली त्याला काही कळत नव्हतं.

दवाखाना दुसऱ्या बेटावर होता. त्याला झोळीत घालून खाडीवर नेलं, तर बोट लागायचा फळ्यांचा धक्काच पाण्यात कोसळलेला. एक बोट लांबून दिसली, जवळ यायला धजली नाही आणि वळून गेली. लच्छू गुडघाभर चिखलात उभा राहून हात हलवत राहिला. विहिरीचं पाणी राखेसारखं गढूळ झालं होतं. कुणी शहाळं फोडून आणलं. ते चैतूच्या घशाखाली उतरलं नाही. दिवस मावळायच्या आत तो गेला. तिथेच, खाडीपासून वर, त्याला पुरलं.

त्या बेटावर मेला तो एवढा एकच माणूस. मोठा भूकंप नव्हता, असं मुकादम चारचारदा म्हणाला. धक्का पुन्हा बांधून होईपर्यंत लच्छूला निघता आलं नाही. त्या महिन्यांत त्याच्याशी गोंडीत बोलणारं कुणी नव्हतं.

गावी पोचल्यावर तो आधी चैतूच्या घरी गेला. चैतूची बायको सोमारी अंगणात मोहफुलं वाळवत होती. लच्छू एकटा आलेला पाहून ती उठली नाही. त्याने सगळं सांगितलं. समुद्र, खाडी, धक्का या गोष्टी तिने कधी पाहिल्या नव्हत्या, आणि त्याला त्या नीट सांगता येईनात. जमीन हलली म्हणजे काय झालं, हे त्याने हात हलवून दाखवलं. ती ते हातच बघत राहिली.

मग तिने विचारलं, "भाऊ, तुमी वरते होते न? तुमाले काईच लागलं नाई?"

"नाई," लच्छू म्हणाला.

ती पुन्हा फुलं पसरू लागली.

मेलेल्या माणसासाठी उभारायच्या रीतीप्रमाणे चैतूच्या नावाचा दगड गावाच्या वाटेवर उभा केला, त्यालाही लच्छूनेच खांदा दिला. नंतर आऱ्यासाठी जोडीदार व्हायला दोघे-तिघे आले, पण त्याने आरा धरला नाही. त्या पावसाळ्यात त्याने आधी सोमारीचं धानाचं शेत नांगरलं, मग आपलं. दुपारी ती आंबिलीने भरलेला भोपळ्याचा तुंबा शेताच्या कडेला धुऱ्यावर ठेवून जायची. तो पिऊन घ्यायचा. रिकामा तुंबा संध्याकाळी तिच्या दारात ठेवून यायचा.