आमच्या वाटची लाज

आमचे डायरेक्टर कधी कुणावर रागावले नाहीत. ते ओशाळायचे. वाक्य विसरायची मी, एंट्री चुकवायचा दुसरा कुणी, आणि मान खाली जायची डायरेक्टरांची. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायचे आणि पायाच्या अंगठ्याने हॉलची फरशी उकरत उभे राहायचे. नव्या नवरीला शोभावं असं हे ओशाळणं, आणि माणूस कसा, तर मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढून ओढून दाराएवढा झालेला. जरा वेळाने मान वर करून म्हणायचे, "तुझ्या वाटची लाज मी लाजलो गो बाय. तू आता मोकळी. चल, परत घे." त्यानंतर ते वाक्य चुकवायची कुणाची छाती नव्हती. यापेक्षा शिव्या परवडल्या, असं आम्ही आपसात म्हणायचो.

त्यांना नाव होतं, पण ते कारखान्यात. आमच्या आळीत म्हाताऱ्या फादरांपासून चणेवाल्यापर्यंत सगळे त्यांना डायरेक्टरच म्हणत. आमच्या चर्चला लागून एक हॉल आहे. पूर्वी लग्न असलं तरच तो उघडायचा. फादरांनी तो सगळ्या आळीला खुला केला, चर्चच्या माणसांना आणि बाकीच्यांनाही. महिन्यातून एकदा गाण्याची बैठक, सुट्टीत पोरांचं चित्रांचं शिबिर, आणि मे महिन्यात मुंबईकर आले की डायरेक्टरांचं नाटक. आमचं घर चर्चच्या फाटकाला खेटून, म्हणून हॉलची किल्ली आमच्याकडे. किल्लीमागून तारखा देण्याचं कामही मम्मीकडे आलं.

डायरेक्टर हॉलच्या पायरीवर चपला काढायचे. आम्ही ख्रिस्ती पोरं खुशाल बूट घालून धावायचो आणि हा माणूस अनवाणी तालीम घ्यायचा. "देवाचं अंगण हाय ता, स्टेज मागनं," म्हणायचे. पण अंगणातून ते कधी घरात आले नाहीत. वीसेक वर्षं हॉलमध्ये वावरले, शेजारच्या चर्चचा उंबरा त्यांनी ओलांडला नव्हता. आत येऊ का, असं त्यांनी विचारलं नाही, आणि आत या, असं आमच्यातल्या कुणाला सुचलं नाही. त्यांच्या घरचे गणपतीचे मोदक मात्र आम्ही दर वर्षी डबा भरून आणत होतो.

ते मूळचे संगमेश्वराकडचे. गावच्या नमनात, म्हणजे घोळक्याने नाचायच्या खेळात, तयार झालेले. त्यामुळे त्यांचा जीव हिरोपेक्षा गर्दीवर. "हिरो कोणपण होतो. गर्दी करायला अक्कल लागते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझं पहिलं काम बाजारातल्या गर्दीतलं होतं. मी हात जोडून, फ्रॉक सारखा करून उभी राहिले. डायरेक्टर म्हणाले, "बाजारात आलीस की फोटो काढायला? उद्या आईसंगती मासळीच्या लिलावाला जा आणि कान उघडे ठेव." मी गेले. दुसऱ्या दिवशी तालमीत असा काही गलका केला की हिरोचं वाक्यच कुणाला ऐकू गेलं नाही. डायरेक्टर खूश. हिरो अजून ते बोलून दाखवतो.

हा हिरो जहाजावर नोकरीला. एके वर्षी त्याला मे महिन्याआधीच बोट धरायची होती, म्हणून नाटक एप्रिलात घ्यायचं ठरलं. डायरेक्टर आमच्या ओटीवर येऊन मम्मीला म्हणाले, "वहिनी, एप्रिलात ह्या शुक्रवारी सुट्टी दिसते. हॉल मिळंल?" मम्मी मासे साफ करत होती. "घ्या की," म्हणाली. मी तिथेच होते. तो शुक्रवार कोणता, हे आम्हा दोघींच्या डोक्यातच आलं नाही. आम्ही गुड फ्रायडे मोजतो तो राखेच्या बुधवारापासून, त्या दिवशी आमचे उपास सुरू होतात, आणि तो अजून यायचा होता. डायरेक्टरांनी तरी कुठून ओळखावं? आमच्या उपासाच्या दिवसांत हॉल बंदच असायचा, पण तेव्हा त्यांची सगळी मंडळी शिमग्याला पालखी नाचवायला गावाला. हॉल बंद होता हेसुद्धा त्यांना कधी कळलं नव्हतं. म्हाताऱ्या फादरांची नुकतीच बदली झाली होती, नवे यायचे होते. तालमी त्या वर्षी हिरोच्या गच्चीवर चालल्या. मम्मीच्या लक्षातून तारीख पार गेली, आणि माझ्याही.

गुरुवारी संध्याकाळी मिस्साची प्रार्थना संपवून आम्ही बाहेर आलो तर फाटकावर बोर्ड. भोवती झेंडूच्या माळा. वर मोठ्या अक्षरांत गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा, आणि खाली, त्यानिमित्त उद्या धमाल विनोदी नाटक. सणाला शुभेच्छांचा बोर्ड लावावा एवढंच त्यांना ठाऊक. आपल्या खर्चाने, आपल्या हाताने लावला होता, आणि आम्हाला आवडला का ते बघायला शेजारी उभे होते. चेहऱ्यावर हसू.

मग लोक तुटून पडले. "आमच्या दुःखाच्या दिवशी हसायला बोलावता?" "एवढी वर्षं फुकट हॉल वापरलात, एवढं कळू नये?" ओरडणाऱ्यांत त्यांच्याच नाटकांतून कामं केलेले होते. कोण काय म्हणालं ते सांगत नाही, ती माणसं रोज भेटतात. एकाने विचारलं, "पण तारीख दिली कुणी?"

डायरेक्टरांनी आमच्याकडे पाहिलं. मम्मीने माझं मनगट घट्ट धरलं. स्टेजवर खच्चून ओरडणारी मी, माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

"कुणी नाय दिली," डायरेक्टर म्हणाले. "मीच धरली. माझं चुकलं." त्यांनी चष्मा काढला आणि फाटकाजवळची तांबडी माती अंगठ्याने उकरत उभे राहिले. मग शिडी आणून स्वतःच बोर्ड उतरवला. माळा मात्र त्यांना कुठे ठेवाव्यात ते समजेना. शेवटी गळ्यात अडकवून घेऊन गेले. ती पाठ मला अजून दिसते. आमची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये आमची प्रार्थना चालली होती. त्या दिवशी घंटा वाजत नाही, लाकडी फळी खटखटवतात. मधल्या शांततेत फाटकावरचा आवाज आत येत होता. नाटकाला येणाऱ्या एकेकाला डायरेक्टर परत पाठवत होते. "नाटक नाय. ह्यांच्या घरात आज सुतक हाय. आपण खेळ कसा करणार?" एका रात्रीत त्यांनी समजून घेतलं होतं. आम्हाला इतक्या वर्षांत ते सांगावंसं वाटलं नव्हतं.

हिरो बोटीवर गेला. डायरेक्टर यायचे थांबले. त्यांच्यामागून बाकीचेही थांबले. गाण्याची बैठक मोडली, शिबिर झालं नाही, आणि हॉल पुन्हा लग्नापुरता उघडायला लागला. मम्मी रोज किल्लीवरची धूळ पुसायची आणि खिळ्याला अडकवायची. त्यांच्याकडे जायचं म्हणून दोनदा साडी बदलली आणि दोनदा पुन्हा घरची नेसली.

शेवटी पुढच्या वर्षी, उपासाच्या दिवसांत, गेले ते नवे फादर. त्यांना आमच्या चर्चमधल्या वाचनाचा वैताग आला होता. गुड फ्रायडेला येशूच्या दुःखसहनाची कथा आम्ही वाटून वाचतो. एक जण निवेदक, एक जण शिक्षा ठोठावणारा सुभेदार पिलात, आणि चर्चमधली सगळी माणसं मिळून गर्दी. आम्ही ती वर्तमानपत्रासारखी वाचायचो. फादर मला घेऊन बर्फाच्या कारखान्यात गेले आणि म्हणाले, "आमच्या लोकांना जरा वाचायला शिकवा."

डायरेक्टर लादीवर हात टेकून उभे होते. "मी? आत येऊ?"

"आतच यायचं आहे," फादर म्हणाले. मी खाली बघत होते.

ते आले. चर्चच्या दारात चपला काढल्या. तालीम सुरू झाली. पिलात ठीक, येशूचा शिष्य पेत्र ठीक. येशूला क्रुसावर द्या म्हणून ओरडणाऱ्या गर्दीची वाक्यं आली आणि सगळे पुटपुटले. ती वाक्यं कुणालाच नको असतात. डायरेक्टर नेहमीसारखे पुढे आले. "लाजताय कशाला? ओरडा. गर्दी ओरडताना कधी लाजत नाय गो बाय. लाज वाटते ती घरी गेल्यावर."

मनात काही ठेवून ते बोलले नव्हते. ते तालीम घेत होते. पण चर्चमध्ये कुणी वर बघेना. मग कुणीतरी ओरडलं, मग सगळे.

तालीम आटोपल्यावर मम्मीने त्यांना ओटीवर चहा दिला आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "तारीख मीच दिली होती. तुम्ही विचारलं होतं. मी बोलले नाही." डायरेक्टरांनी कप खाली ठेवला, चष्मा काढला आणि पुसायला लागले. अंगठा जमिनीवर. बराच वेळ. "असूदे वहिनी," म्हणाले. "त्या दिवशीच लाजून झालो मी." मग चहा पिऊन गेले. मेमध्ये नाटक झालं.

पुढे दर वर्षी ते गुड फ्रायडेला यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे, आणि गर्दी ओरडली की मान खाली घालायचे. कारखान्यातली नोकरी सुटल्यावर ते गावी गेले, तरी त्या दिवसापुरते एसटीने यायचे. गेल्या पावसात ते गेले. आम्हाला कळलं तेव्हा दिवसकार्यही उरकलं होतं.

यंदा वाचन चांगलं झालं. गर्दीची वाक्यं आली आणि चर्च दणाणलं. मम्मी ओरडली, मीही ओरडले, आणि सवयीने मागे वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर मुंबईहून आलेलं एक कुटुंब बसलं होतं, आमच्याकडे कौतुकाने बघत. मान खाली घातलेलं तिथे कुणी नव्हतं. मी चष्मा काढला आणि ओढणीला पुसत राहिले. शेजारी मम्मीची मान कधीच खाली गेली होती. आमच्या वाटची लाज लाजायला आता आम्हीच उरलो आहोत.