मृणालताईंचं ‘कारण लिही’

कुठल्याही पुलाखाली उभ्या राहिल्या की मृणालताई वर बघायच्या आधी विचारायच्या, “याला नाही कोण म्हणू शकलं असतं?” मग खुशीत सांगायच्या, “चीनमध्ये मी महिनाभर रजेवर गेले, परत आले तर खांब उभे! अमेरिकेत तीन वर्षं होते, तर पूल कुठे बांधायचा यावर सभा चालल्या होत्या. शेजाऱ्यांची हरकत, बेडकांची हरकत.”

जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या पुण्याहून, पण असं अर्धं जग फिरून आल्या होत्या. मी परभणीकडचा. वडील बांधकामावर सेंट्रिंग ठोकायचे आणि आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. इथवर पोचलो याचे उपकार मी रोज मानतो. तरी ताईंचा मला फार हेवा वाटायचा. माझ्याशी बोलताना प्रोफेसर घड्याळ बघायचे. ताईंशी बोलताना प्रोफेसरांची कॉफी गार होऊन जायची.

प्रयोगशाळेतल्या सुरक्षेचं काम माझ्याकडे होतं. माझ्या सहीशिवाय कोणतीही चाचणी होत नसे. ताईंनी काँक्रीटचा एक मोठा बीम ओतला होता आणि बरोबर अठ्ठाविसाव्या दिवशी तो मोडून बघायचा होता. तो दिवस हुकला असता तर बीम वाया गेला असता, आणि नवा ओतायला त्यांच्या करारात तेवढा वेळच उरला नव्हता. त्यांचा अर्ज मी खणात ठेवला आणि विचारलं की म्हणायचो, “ताई, बघतोय. सुरक्षेचा प्रश्न आहे.”

सव्विसाव्या दिवशी ताई चहाचे दोन कप घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

“संतोष, तू तर पक्का अमेरिकन झालास की रे!”

“ताई, नियम आहेत.”

“गेनाऊ, अगदी बरोबर. कुठला नियम? दाखव.”

मी कागद चाळत राहिलो.

“प्रोफेसरांना सांगितलं तर आत्ता सही होईल,” त्या म्हणाल्या. “पण ते झालं चिनी काम. तिथे आमचा रस्ता एका आजींचं घर पाडून गेला. पूल देखणा झाला, पण आजींना विचारायचं कुणाला सुचलं नाही. मलासुद्धा. तेव्हापासून वाटतं, थांबवणारा माणूस हवाच. तर थांबव मला. फक्त कारण लिही.”

त्यांनी खणातून अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला. मी पेन उचललं. खरं कारण मला माहीत होतं. गार झालेल्या कॉफीचं कारण कागदावर कसं लिहिणार? मी सही केली.

“चहा घे,” ताई म्हणाल्या. “निवतोय.”

बीम वेळेवर मोडला. त्या प्रोफेसरांकडे काहीही बोलल्या नाहीत. न्युरेम्बर्गला नोकरीवर जायच्या आधी त्यांनी एवढंच केलं, की त्या अर्जावर ‘नाही’च्या चौकटीखाली ‘कारण’ अशी एक रिकामी ओळ घालून घेतली.

परवा आमच्याकडे आलेल्या एका नव्या संशोधक मुलीशी बोलताना प्रोफेसरांची कॉफी गार झाली. दुपारी तिचा अर्ज माझ्या टेबलावर आला. सवयीने खण उघडला, पुन्हा बंद केला. सगळी आकडेमोड दोनदा तपासली, मग त्या रिकाम्या ओळीवर पेन टेकवून बराच वेळ बसलो. लिहिण्यासारखं काही सापडलं नाही.

तिला बोलावलं आणि तिच्यासमोरच सही केली.