रामाजी आचाऱ्याचा अंदाज

पवनारचे रामाजी लग्नाचा स्वयंपाक करायचे तेव्हा भाताचा शेवटचा गंज चुलीवर चढवायची घाई कधी करत नसत. तांदूळ धुवून, निथळून बाजूला ठेवायचे आणि मांडवाच्या कडेला उभं राहून दुसरी पंगत बसताना पाहायचे. खेड्यावरची माणसं किती, शहरातली किती, मांडीवर पोर घेऊन बसलेल्या बाया किती, हे एका नजरेत टिपून परत यायचे. मग म्हणायचे, "अर्धाच टाका." समुद्रपूरपासून वर्ध्यापर्यंत त्यांचा अंदाज चुकल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. नव्वदच्या आसपास तर काही घरं आधी रामाजींना मोकळे दिवस विचारत आणि मग लग्नाची तारीख धरत.

उरायचं ते घमेलंभर. ते न्यायला सिंदी मेघेचा प्रेमदास सायकलला दोन डबे बांधून यायचा. त्याच्या चार म्हशी होत्या, दुधाचा रतीब होता. रामाजी उरल्या अन्नातल्या पत्रावळी आणि मिरच्या स्वतः वेचून काढत आणि दर खेपेला तेच बजावत, "कुटारात, सुक्या भुशात कालवून देजो. एका जनावराले दोन ओंजळी, त्याच्यावर नाई. शिजला भात पोटात आंबते."

"हाव, भाऊ," प्रेमदास म्हणायचा. रामाजींचा शब्द त्याच्यासाठी मोठ्या भावाचा शब्द होता.

पुढे पंगती मोडल्या आणि बुफे आला. दोन हजार एक साली वर्ध्याचे धान्याचे व्यापारी भैय्याजी यांच्या मुलीचं लग्न रामाजींकडे आलं. भैय्याजींनी यादी पुढे ठेवली. दोन प्रकारचा भात, पुरी, तीन भाज्या, बुंदी, जिलेबी, आणि सगळं एकदम टेबलावर.

"भैय्याजी, एवढं नाई खपत," रामाजी म्हणाले. "थोडं थोडं करून वाढू."

"बुफेत थोडं थोडं नाई चालत, रामाजी. मागून येणाऱ्या पाहुण्याले भांड्याचं बूड दिसलं तर माझं नाक कापलं जाईन. तुमाले जमत नसन तर तसं सांगा."

रामाजींना राग आला, पण त्यांनी यादी घडी घालून खिशात ठेवली. वर्ध्यात नवे केटरर आले होते. हे काम सोडलं तर पुढचंही जाईल, असं त्यांना वाटलं. त्यांनी भैय्याजींच्या मनासारखं रांधलं.

दुपारी पाहुणे पांगले तेव्हा तीन ड्रम अन्न उरलं होतं. बहुतेक भातच. मंगल कार्यालयाचा माणूस ते नगरपालिकेच्या कचऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये ओतायला निघाला. रामाजींना ते पाहवेना. आपल्या हातचं अन्न कचऱ्यात जाणार याचं दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर ढिगाकडे बघून लोक काय म्हणतील याची लाज जास्त होती. त्यांनी ऑटो बोलावला, ड्रम चढवले आणि थेट सिंदी मेघे गाठलं.

प्रेमदास बाहेर गेला होता. त्याची बायको शकुंतलाबाई गोठ्यात होत्या. ड्रम पाहून त्या दचकल्या. "भाऊजी, एवढं चालन का म्हशीइले?"

पहाटेपासून उभं राहून रामाजींचे पाय भरून आले होते. ते ड्रम डोळ्यांपुढून एकदाचे जावेत, एवढंच त्यांना हवं होतं. "चालते, वहिनी," ते म्हणाले. "आजच घालून टाका, उद्या नासून जाईन."

तिसऱ्या दिवशी म्हैस मेल्याचा निरोप आला. रामाजी धावत गेले. चारांतली गाभण म्हैस अंगणात फुगून पडली होती. जनावरांचे डॉक्टर भाताचं कारण सांगून नुकतेच गेले होते. शेजारपाजारचे जमले होते आणि प्रेमदास त्यांच्यादेखत बायकोला बोलत होता.

"तुले मापच नाई! भाऊ इतक्या खेपा सांगून राह्यले, दोन ओंजळी, दोन ओंजळी. तुह्या डोक्यात शिरलं नाई."

शकुंतलाबाईंनी एकदा रामाजींकडे पाहिलं. 'मीच सांगितलं होतं' एवढे तीन शब्द रामाजींच्या ओठांवर आले. मग ते खांद्यावरचा दुपट्टा नीट करत म्हणाले, "जाऊ दे, प्रेमदास. होणारं होऊन गेलं."

त्यानंतर प्रेमदासने लग्नाचं अन्न नेणं बंद केलं. रामाजींनीही मनाविरुद्ध रांधणं सोडलं. यादीतले पदार्थ कमी करा म्हणून ते यजमानांशी हुज्जत घालू लागले, तशी माणसं केटररकडे वळली. एका कार्यालयाच्या मालकाने, किसनरावांनी, मागची जागा दिली तेव्हा रामाजींनी तिथे खताचे दोन खड्डे खणले. उरलेलं अन्न, वर कुटार, शेण, माती, असे थर ते द्यायचे. पहिल्या उन्हाळ्यात अशी घाण सुटली की शेजारी भांडायला आले. मग अन्नातलं पाणी निथळून, कुटार दुप्पट घालून त्यांनी ते जमवलं. खत काळं, भुसभुशीत निघालं. शेतकरी बैलबंडीने न्यायचे. चार वर्षं किसनरावांच्या कार्यालयातून अन्नाचा एक ड्रम कचऱ्यात गेला नाही. पाचव्या वर्षी गाड्या लावायला जागा हवी म्हणून किसनरावांनी खड्डे बुजवून वर सिमेंट टाकलं.

दोन हजार सात साली प्रेमदास कावीळ होऊन गेला. तेरवीला रामाजी गर्दीत बसून आले. महिन्याभराने मात्र एकटेच गेले. शकुंतलाबाई दारात तूर निवडत होत्या. त्यांनी पाणी आणून दिलं.

"वहिनी, ते म्हैस मेली तेव्हा मी बोलाले पायजे होतं."

"हाव," त्या म्हणाल्या. सुपातून नजर वर केली नाही.

"तुमी तरी काऊन नाई बोलल्या?"

"तुमी बोलान म्हणून थांबली. मंग दिवस निघून गेले. अन् मी सांगतलं असतं तरी त्याहिनं मलेच खोटं पाडलं असतं. तुमाले देव मानत होते." त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "त्या दिवसापासून जनावरापुढं मले चारा घालू देला नाई त्याहिनं. सहा वर्षं. शेण काढू देत, दूध काढू देत. चारा नाई."

हे रामाजींना माहीत नव्हतं. या सहा वर्षांत ते चार-पाचदा तरी त्या अंगणात चहा पिऊन गेले होते.

"मी सांगतो आता लोकाइले," ते म्हणाले.

"सांगा. म्हशी तर गेल्या महिन्यात विकल्या."

रामाजींनी सांगितलं. शकुंतलाबाईंच्या दिराला सांगितलं, त्या दिवशी अंगणात असलेल्या शेजाऱ्यांना एकेक करून गाठून सांगितलं. दीर म्हणाला, बरं केलं सांगतलं. एका शेजाऱ्याला ती म्हैसच आठवेना. दुसऱ्याने विचारलं, "कोणती म्हैस, भाऊ?" आणि रामाजी त्याच्या ओट्यावर बसून पहिल्यापासून सांगू लागले.